पन्नासावी ओळ

फिलिपिन्समधल्या आमच्या सांता रीतात मेर्लिन्दाला निरोप द्यायला गाव तीनदा जमलं, आणि तिन्ही वेळा ती गेली नाही.

पहिल्या खेपेला अख्खं डुक्कर निखाऱ्यांवर फिरवून भाजलं होतं. चर्चच्या बँडमधली माणसं ते आळीपाळीने फिरवत होती आणि जेवणं झाल्यावर त्याच तेलकट हातांनी त्यांनी वाद्यंही वाजवली. लोकांनी भेटी आणल्या. शिकागोच्या थंडीसाठी तीन स्वेटर, दोन जपमाळा, एक चाकांची बॅग. शेजारच्या पासिताने न्यू जर्सीतल्या मुलासाठी काळे बूट दिले आणि ते त्याच्या हातात दे, पोस्टावर माझा भरवसा नाही, असं बजावलं. पुढे तो मुलगाच दोनदा गावी येऊन गेला, दुसऱ्यांदा जाताना ते बूट पायात घालून गेला, तरी मेर्लिन्दा आपली इथेच. दुसऱ्या निरोपाला डुकराच्या जागी कोंबड्या आल्या. तिसऱ्याला नुसतं पानसित, आणि त्यातही शेवया कमी, कोबी जास्त. मंडळी मान खाली घालून जेवली. फक्त म्हातारा सुतार बॅगेवर टिचकी मारून म्हणाला, "चाकं गंजली की सांग गं, तेल घालून देतो."

अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमाने मेर्लिन्दाला नर्सची नोकरी देऊ केली होती आणि तिच्यासाठी तिकडच्या सरकारकडे अर्ज केला होता. आमच्याकडे त्याला सगळे पिटिशनच म्हणत. पिटिशन सहा महिन्यांत मंजूर झालं, म्हणून तर पहिलं डुक्कर भाजलं. पण मंजूर होणं वेगळं आणि बोलावणं येणं वेगळं, हे तेव्हा कुणाला ठाऊक? मधे रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाला एक तारीख मिळे. मेर्लिन्दाची अकरा ऑगस्ट. दर महिन्याच्या मध्यावर तिकडचं सरकार जाहीर करी, की आता अमुक तारखेपर्यंतच्या माणसांनी यावं. ती तारीख कधी आठवडाभर पुढे सरके, कधी जागची हलत नसे. एकदा ती अकरा ऑगस्टच्या पार गेली, कोंबड्या कापल्या गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात दोन वर्षं मागे आली. पुढे पुन्हा एकदा तसंच झालं, तेव्हाचं ते पानसित.

"तारीख मागे कशी जाते?" कॉन्सिंगबाईंनी तेव्हा विचारलं होतं. "कॅलेंडर आहे की खेकडा?"

कॉन्सिंगबाई म्हणजे मेर्लिन्दाची मावशी, तिची तिया. बहीण गेली तेव्हा सहा वर्षांच्या पोरीला त्यांनी घरी आणलं. स्वतः लग्न केलं नव्हतं. गावच्या शाळेत एक्केचाळीस वर्षं चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता, त्यामुळे गावातलं अर्धंअधिक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेलं. मेयरसुद्धा. निवृत्त झाल्यावर शाळेने त्यांना घड्याळ देऊ केलं, तर त्यांनी वर्गातला जुना फळा मागून घेतला आणि पुढच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगला. दर महिन्याला मेर्लिन्दा नवी तारीख घेऊन आली, की बाई ती वळणदार अक्षरात फळ्यावर लिहीत. बाजाराला जाणारी माणसं खिडकीतून डोकावून ती वाचत आणि पुढे जात. मासे विकणारी बाई तर अकरा-आठ हा आकडा दर आठवड्याला लॉटरीला लावी. तिला एकदा बक्षीस लागलं, मेर्लिन्दाला काही लागेना.

असं ते नऊ वर्षांचं भिजत घोंगडं. मेर्लिन्दा सरकारी इस्पितळात जात होती, येत होती. पेशंट शुद्धीवर येऊन तिलाच विचारत, "तू अजून इथेच?"

आणि नऊ वर्षं रोज सकाळी सहाला गानिंग पाव घेऊन येत होता.

गानिंग बेकरीवाला. खरं नाव रोगासियानो, पण ते फक्त बाई हजेरी घेताना घेत. चौथीत तो तिसऱ्या बाकावर बसे. मेर्लिन्दाशी त्याचं लग्न ठरल्यासारखंच होतं. पिटिशन आलं नसतं तर ते पुढच्याच मे महिन्यात झालं असतं. पण पिटिशन आलं आणि बाईंनी दोघांना समोर बसवून नियम सांगितला. पिटिशन असलेल्या मुलीने लग्न केलं, की पिटिशन मेलं. तारीख येईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. तोवर गानिंगने ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसावं, आत येऊ नये, म्हणजे लोकांच्या जिभेला काम मिळणार नाही. गानिंग त्या खुर्चीत बसू लागला. दोन वर्षांनी तिचं बूड फाटलं, त्याने स्वतःच वेत आणून विणलं आणि पुन्हा बसला.

नियम बाईंनी मनाने काढलेला नव्हता. सांता रीतात तो लहान पोरांनाही पाठ होता. बाईंची चुलत बहीण नातिविदाद, तिच्या वडिलांनी हवाईहून तिचं पिटिशन केलेलं. तिने बँडमधल्या ढोलवाल्याशी गुपचूप लग्न लावलं आणि ते पिटिशन त्याच दिवशी संपलं. अजून लोक ढोलवाल्याच्या घरावरून जाताना मान हलवतात. आणि खुद्द बाईंचंही होतंच की. त्यांचे वडील अमेरिकन नौदलात स्वयंपाकी होते. त्यांनी लेकीसाठी अर्ज केला, बिनलग्नाची मुलगी म्हणून. बाईंनी अकरा वर्षं नियम पाळला. जमीनमोजणीला आलेला एक माणूस त्यातली सहा वर्षं थांबला, मग दावाओला बदली करून घेऊन निघून गेला. मग वडील सान दिएगोला वारले आणि त्यांच्याबरोबर अर्जही गेला. त्या माणसाचं नाव बाई कधी घेत नसत. आपण नियम पाळला, नशिबाने पाळला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणून चौथ्या वर्षी गानिंग जेव्हा टोपी हातात घेऊन म्हणाला, की बाकोलोदचा माझा मामेभाऊ सांगतो, नोकरीच्या पिटिशनला लग्न चालतं, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"तुझा मामेभाऊ काय करतो?"

"फ्रिज दुरुस्त करतो, बाई."

"मग त्याला फ्रिज दुरुस्त करू दे."

विषय संपला. मेर्लिन्दा त्या वेळी दारात उभी होती. ती गानिंगकडे बघून हसली आणि आत गेली. त्या घरात बाईंच्या शब्दावर शब्द ठेवायची पद्धतच नव्हती.

नवव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, तारीख पुन्हा अकरा ऑगस्टच्या पुढे गेली. या वेळी पाठोपाठ मनिलाहून मुलाखतीचं पत्रही आलं. बरोबर पाच आठवड्यांनी बोलावलं होतं. मेर्लिन्दाने पत्र टेबलावर ठेवलं आणि ती कामावर निघून गेली. नाचली नाही, ओरडली नाही. ओसरीवर गानिंगला तिने पत्रातली तारीख सांगितली. "छान झालं," तो म्हणाला आणि खुर्चीच्या हातावरचा सुटलेला वेत बोटाने आत सारत बसला. मेर्लिन्दा तिकडे पोचणार, मग तिथून त्याच्यासाठी नवा अर्ज करणार, मग त्याला नवी तारीख, नवी रांग. तो चाळिशीला टेकला होता. हिशोब त्याला कुणी शिकवायला नको होता, तो बाईंनीच शिकवला होता.

बाई चौथ्या निरोपाचं आवतण द्यायला निघाल्या. पासिता दारातच म्हणाली, "नांग कॉन्सिंग, आधी तिला जाऊ दे, मग जेवायला बोलव. माझ्याकडे आता बूट नाहीत." सुताराने तेलाची बाटलीच पुढे केली. चार घरं झाल्यावर बाई परतल्या, नाकाला मिरच्या झोंबलेल्या. वेळ घालवायला म्हणून त्यांनी मनिलाहून आलेले कागद पुढ्यात ओढले आणि लाल पेन्सिल घेतली. छापील कागद लाल पेन्सिलीशिवाय वाचायची त्यांना सवयच नव्हती.

तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाने वेगळा फॉर्म भरावा, असं तिथे लिहिलं होतं. बरोबर येणारे म्हणजे नवरा किंवा बायको आणि मुलं. लग्नाचा दाखला मूळ प्रतीत आणावा.

बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "चूक." मग पान उलटलं. पुढच्या पानावर पुन्हा नवरा. त्याच्या पुढच्यावर मुलांच्या लसी. एका कागदात एकच चूक तीनदा होत नाही, एवढं एक्केचाळीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईला कळतं. तीनदा झाली, तर चूक वहीत नसते.

दुसऱ्या दिवशी त्या कुणाला न सांगता जीपनीत बसून इलोइलो शहरात गेल्या, नर्सांना बाहेर पाठवणाऱ्या एजन्सीत. खिडकीमागची मुलगी नातीच्या वयाची होती. बाईंनी पत्र पुढे सरकवलं, लाल रेघेवर बोट ठेवलं आणि हे छापणाऱ्याचं चुकलंय, असं तिला सांगितलं.

"नाही, लोला," ती आजीला हाक मारावी तशी म्हणाली. "हे कामाचं पिटिशन आहे. याला लग्न चालतं. वडिलांनी बिनलग्नाच्या मुलीसाठी केलेलं असेल, तर नाही चालत. पुष्कळ लोकांची अशी गल्लत होते."

"म्हणजे पहिल्या वर्षी लग्न केलं असतं तरी?"

"पहिल्या वर्षी, पाचव्या वर्षी, केव्हाही. परवा एक बाई तीन मुलं घेऊन गेल्या." मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिने पाण्याचा पेला पुढे केला. "अजून वेळ आहे, लोला. ती तिकडे उतरण्याआधी लग्न झालं, तर नवरा तिच्याच कागदांवर मागून जाईल, काही महिन्यांत. उतरल्यावर केलं, तर मात्र त्याला पुन्हा पहिल्यापासून."

परतीच्या वाटेवर बाई जीपनीत मधल्या जागी बसल्या. पलीकडून येणारं भाडं हातोहात ड्रायव्हरकडे द्यायचं असतं, ते त्यांच्या हातात तसंच राहिलं, शेवटी मागच्याने खांद्याला हात लावला. वाटेत त्यांनी तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली. नियम अलीकडे बदलला. एजन्सीने आधी नीट सांगितलं नाही. फादर म्हणाले होते. तिन्ही व्याकरणाने शुद्ध होती आणि तिन्ही खोटी. काहीच न सांगण्याचीही सोय होती. मेर्लिन्दा फॉर्म इस्पितळातच भरणार होती, घाईघाईत. लग्न झालेलं नाही असं लिहिणार, विमानात बसणार. कुणाला काही कळलं नसतं. फक्त तो फ्रिजवाला होता, बाकोलोदला. पण त्याला कोण विचारतं?

घरी आल्यावर त्यांनी ओसरीवरची वेताची खुर्ची पाहिली. बूड गानिंगने विणलेलं होतं, पाठ अजून जुनी होती. बाई कधी त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. तिथून आतली खोली पूर्ण दिसत होती. टेबल, दिवा, मेर्लिन्दा जिथे जेवायला बसे ती जागा, सगळं चार हातांवर.

मग त्या उठल्या आणि ओल्या फडक्याने फळा पुसला.

बाईंच्या वर्गात शिक्षा एकच असे. जे चुकलं, ते बरोबर करून पन्नास वेळा फळ्यावर लिहायचं, आणि लिहिलेलं दिवसभर पुसायचं नाही. मेयरच्या आईला अजून आठवतं, त्याने "सात नव्वे त्रेसष्ट" लिहिलं तेव्हा सगळा वर्ग दुपारभर ते बघत होता. बाईंनी खडूचं टोक मोडलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. हात दुखला की थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा लिहायच्या. खालच्या ओळींसाठी पाट घेऊन बसल्या.

मेर्लिन्दा रात्रपाळीहून सकाळी आली, तेव्हा खिडकीशी माणसं उभी होती. नवी तारीख लागली असेल म्हणून डोकावलेली मासेवाली, तिच्यामागे पासिता, आणि गानिंग, पावाची गरम पिशवी छातीशी धरून. मेर्लिन्दा आत गेली. फळा वरपासून खालपर्यंत भरलेला होता, चार रकान्यांत, एकच ओळ:

"कामाच्या पिटिशनला लग्नाची आडकाठी नसते."

बाई बाजूला उभ्या होत्या, हात पाठीमागे, बोटं खडूने पांढरी.

मेर्लिन्दाने पहिली ओळ वाचली, मग शेवटची. ती पलंगावर बसली, नर्सचे बूट काढले आणि एकाशेजारी एक नीट ठेवले.

"कधी कळलं?"

"काल. शहरात जाऊन आले."

"नऊ वर्षं, तिया."

"हो."

"त्याने सांगितलं होतं. मी या दारातच उभी होते."

"सांगितलं होतं. मी ते फ्रिजवाल्याचं म्हणून उडवून लावलं." बाईंचा आवाज वर्गातला होता. "माझं चुकलं, इंदाय, पोरी. तुझं नाही, त्याचं नाही. माझं एकटीचं."

हे वाक्य त्या घरात कधी ऐकू आलं नव्हतं. बाहेर पासिताने क्रूसाची खूण केली. मेर्लिन्दा उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाई होत्या तिथेच उभ्या राहिल्या. माणसं हळूहळू पांगली. मासेवालीसुद्धा, जिचे मासे उन्हात तापत होते. उरला गानिंग. तो खिडकीतून फळ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. बाईंना वाटलं, शिव्या देतोय. द्यायलाच हव्यात.

"बाई," तो म्हणाला, "एकोणपन्नास आहेत."

"काय?"

"ओळी. दोनदा मोजल्या. तीन रकान्यांत तेरा-तेरा, शेवटच्यात दहा."

"शक्य नाही."

"मोजून बघा. मोजायला तुमच्याकडेच शिकलोय."

बाईंनी चष्मा सारखा करून मोजल्या. एकोणपन्नासच होत्या. त्यांनी खडू शोधायला हात पुढे केला, तर खडू जागेवर नव्हता. दार केव्हा उघडलं ते कुणाला कळलं नाही. मेर्लिन्दाने तो उचलला होता. तिचे डोळे लाल होते, रात्रपाळीने की रडण्याने ते तिचं तिला ठाऊक. शेवटच्या रकान्याच्या तळाशी, गुडघ्यावर बसून, तिने आपल्या इस्पितळी गिचमिड अक्षरात पन्नासावी ओळ लिहिली.

"मीही कधी कुणाला विचारलं नाही," ती म्हणाली. "अर्धी शिक्षा माझी. पण आज मी तुझ्याशी बोलणार नाही, तिया. उद्या बोलेन."

मग ती खिडकीशी गेली. "तुला भट्टीपासून सुट्टी कधी मिळते?"

"सोमवारी," गानिंग म्हणाला.

"सोमवारी मेयरच्या कचेरीत चल. दहा दिवस नोटीस लावावी लागते."

"आलो असतो," तो म्हणाला, "पण मला खुर्चीतून उठायची परवानगी बाईंची लागते."

बाईंनी ओसरीचं दार उघडलं, पावाची पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला आत बसवून कॉफी दिली. पाव थंड झाले होते. त्या दिवशी मेर्लिन्दा खरोखरच बोलली नाही, फक्त लोण्याचं भांडं मावशीकडे सरकवलं.

दहा दिवस नोटीस, विवाहाआधीचा वर्ग, तीन रविवार चर्चमधली घोषणा, सगळं पाच आठवड्यांत कसंबसं बसलं. मेयरने दाखल्यावर सही करताना बाईंना विचारलं, "अक्षर ठीक आहे ना?" बाईंनी ते वाचून एक टिंब द्यायला लावलं. लग्नात पासिता बूट घेऊन आली, या वेळी गानिंगसाठी. बाईंना दोघांनी साक्षीदार धर्ममाता केलं. फादरच्या प्रवचनात धीराचा विषय निघाला, तेव्हा सगळं चर्च वेताच्या खुर्चीवाल्याकडे बघू लागलं.

मनिलाची मुलाखत सात मिनिटांत आटोपली. मेर्लिन्दा एका मंगळवारी पहाटे निघाली, रोज कामावर निघायची तशी. बॅगेच्या चाकांना सुताराचं तेल होतं, आत तीन स्वेटर. निरोप नाही, गाणी नाही. गावाने तिला हातसुद्धा केला नाही, उगाच दृष्ट नको म्हणून. जीपनीत चढण्याआधी तिने मावशीचा हात कपाळाला लावला आणि तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. "कागद वाचत जा," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

गानिंग सात महिने थांबला. रोज सहाला पाव आणी, आत बसे, बाईंशी पत्ते खेळे आणि हरे. त्याने खुर्चीची पाठही विणून दिली. मग त्याचंही बोलावणं आलं आणि तोही तसाच एका पहाटे गेला.

तो शिकागोला उतरल्याचा फोन आला, त्याच दुपारी बाईंनी सुताराला डुक्कर बघायला सांगितलं. चौथा निरोप रविवारी झाला, पहिल्यापेक्षा मोठा. बँड वाजला, पानसितात शेवया जास्त होत्या. मधोमध वेताची खुर्ची, तिच्यावर कुणाचा तरी फोन, त्यात बर्फात उभी असलेली दोघं, तिने एकावर एक दोन स्वेटर घातलेले. पासिताने तोंड पुसत विचारलं, की नांग, पाहुणे नाहीत आणि जेवण घातलंस, ही कुठली रीत?

बाई तिच्या पानात आणखी एक तुकडा वाढत होत्या.

"ज्यांना निरोप द्यायचा ते समोर बसले की जात नाहीत," त्या म्हणाल्या. "तीनदा पाहिलंय मी."